घरात प्रार्थना सगळ्यांची, मग भांडी एकटीची का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं: लग्नाला १६ वर्षं झाली, नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. मुलगी १४ वर्षांची, मुलगे १० आणि ६ वर्षांचे. नवरा श्रद्धाळू आहे, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, घरात आवाज चढवत नाही. "काय करायचं ते सांग, मी करतो" हे त्याचं नेहमीचं वाक्य, पण सांगितल्याशिवाय काही होत नाही. रात्री जपमाळ सुरू होते तेव्हा ताई ओट्यापाशी भांडी घासत असतात आणि प्रार्थनेचा उत्तरार्ध, "पवित्र मरिये", तिथूनच म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला की हा तुझा क्रूस आहे, देवाला अर्पण कर. ताई विचारतात: मला याचा राग येतो, ते पाप आहे का? आणि कामं वाटायची तर घरात भांडण न होता कशी?

ताई, ओट्यापाशी उभं राहून म्हटलेलं ते "पवित्र मरिये" वाचलं आणि मी तिथेच थांबले. गेली २२ वर्षं मी आणि माझे पती लग्न ठरलेल्या जोडप्यांची तयारी करून घेतो, आणि लग्न होऊन बरीच वर्षं झालेली जोडपीही आमच्याकडे मन मोकळं करायला येतात. हे दृश्य मी किती घरांतून ऐकलं असेल! बाहेरच्या खोलीत मेणबत्ती पेटलेली, बाबा "नमो मरिये" म्हणतायत, धाकटा पेंगतोय, आणि प्रार्थनेचा उरलेला अर्धा भाग नळाच्या आवाजातून येतोय. सगळ्यांना वाटतं आई प्रार्थनेत आहे. आई पातेल्याच्या बुडाला लागलेलं खरवडत असते.

आधी रागाचं बोलू. राग येणं हे पाप नाही. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात, स्पष्ट म्हटलं आहे की भावना स्वतःहून चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. आपण त्यांचं काय करतो यावर ते ठरतं. तो राग तुम्ही मुलांवर काढत असाल, नवऱ्याला चारचौघांत टोचून बोलत असाल, तर ते पापनिवेदनात सांगा. पण राग ज्या कारणाने येतो ते कारण खरं आहे, आणि ते बोलून दाखवणं ही तक्रारखोरी नव्हे.

क्रूसाबद्दल मला जरा ठामपणे बोलायचं आहे, कारण या एका शब्दाने आपल्या घरांमधल्या कितीतरी बायका गप्प बसल्या आहेत. जे टाळता येत नाही ते देवाला अर्पण करणं ही आपल्या श्रद्धेतली मोलाची गोष्ट आहे. फ्रान्समधल्या मठातली सिस्टर, संत तेरेझा ऑफ लिझ्यू, हिने लिहिलं आहे की कपडे धुताना समोरची एक सिस्टर तिच्या तोंडावर मळकं पाणी उडवायची आणि ती मागे न सरकता ते सोसायची. पण ती निवड तिची स्वतःची होती. "तू ते पाणी सोस" असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि धुणं ती एकटी धूत नव्हती, सगळ्या सिस्टर मिळून धूत होत्या. स्वतःचा क्रूस माणूस स्वतः उचलतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवायचा आणि वर त्याला भक्तीचं नाव द्यायचं, हे शुभवर्तमानात कुठेही बसत नाही. क्रूसाच्या वाटेचं पाचवं स्थान आठवा. प्रत्यक्ष प्रभूच्या क्रूसालाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला.

आता मार्थेचं. येशू घरी आला तेव्हा ती कामात गुंतली होती आणि तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली होती. तुम्हाला कुणी ना कुणी तिचा दाखला दिलाच असेल: "मार्थेसारखी कामात गुंतू नकोस, मरियेसारखी प्रभूच्या पायाशी बस." लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायात मार्था काय म्हणते ते नीट वाचा. काम जास्त आहे अशी तिची तक्रार नाही. बहिणीने मला एकटीला टाकलं, असं ती म्हणते. तिचं दुखणं त्या "एकटी"मध्ये आहे. प्रभू तिला तिच्या चिंतेबद्दल आणि दगदगीबद्दल बोलतो, सेवा करू नकोस असं म्हणत नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानी या त्यांच्या गावातल्या जेवणाच्या वेळी मार्था पुन्हा वाढतेच आहे. २०२१ पासून चर्च २९ जुलैला मार्था, मरिया आणि लाजरस या तिघा भावंडांचं स्मरण एकत्र करतं. त्याआधी तो दिवस एकट्या मार्थेचा होता. मला तो बदल फार आवडला. एका घरातली तिघंजणं, तिघंही संत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या नवऱ्याच्या "सांग, मी करतो" या वाक्यात वाईट हेतू नाही, मला खात्री आहे. पण त्या वाक्यामागे असं गृहीत आहे की घर तुमचं आहे आणि ते मदतनीस आहेत. चर्चचा कायदा तसं मानत नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचं ११३५ वं कलम म्हणतं की वैवाहिक जीवनाच्या भागीदारीत जे जे येतं, त्यात पती आणि पत्नी दोघांची कर्तव्यं आणि अधिकार समान आहेत. वेदीपुढे दोघांनी शब्द दिला, तो या घरासाठीच दिला. जे आपलंच आहे त्यात "मदत" कशी करणार? पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतिसिया' या पत्रात लिहिलं आहे की घरकाम किंवा मुलांच्या संगोपनातली काही कामं अंगावर घेतल्याने पुरुषाचं पुरुषपण कमी होत नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९८१ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमावरच्या आपल्या पत्रात कष्टकऱ्यांचा उल्लेख करताना घर आणि मुलं यांचा रोजचा भार वाहणाऱ्या स्त्रियांचंही नाव घेतलं, आणि म्हटलं की समाज तर सोडाच, कधीकधी त्यांच्या घरच्यांनाही त्याची जाणीव नसते. आमच्या शिबिरात हे वाक्य मी मुद्दाम वाचून दाखवते. खोली शांत होते.

तुमच्या घरात अडलंय कुठे, हे दाखवण्यासाठी एक छोटी गोष्ट सांगते. आमच्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने ठरवलं की मुलांचे डबे धुण्याचं काम बाबांचं. बाबा रोज न चुकता धुवायचे. महिन्याभराने मुलगी म्हणाली, डब्याला वास येतो. बायकोने झाकणाच्या खाचेतलं रबर नखाने काढून दाखवलं. खाली काळी बुरशी धरली होती. ते रबर निघतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं दर दोन दिवसांनी ते कोण काढत होतं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला. मग ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे मी डबा धूत होतो, पण डब्याची काळजी हीच करत होती." इतकं नेमकं मला २२ वर्षांत सांगता आलं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं हे: कामं वाटू नका, काळजी वाटा. भांडी कुणी घासायची एवढंच ठरवून भागत नाही. साबण संपत आलाय हे कुणाच्या लक्षात यायचं, ओलं फडकं वाळत कुणी घालायचं, मुलाचा बूट पायाला लागतोय हे कुणाला दिसायचं, तेही त्या कामाबरोबर जायला हवं. नाहीतर हात दोघांचे चालतात आणि डोकं एकटीचं शिणतं.

हे "दिसणं" आपल्या श्रद्धेच्या अगदी मुळाशी आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला हे पवित्र मरियेच्या लक्षात आलं. ती गप्प बसून एकटीच धावपळ करत राहिली नाही. तिने येशूला सांगितलं: यांच्याकडे द्राक्षारस नाही. आपण मरियेला निमूट सोसणारी म्हणून डोळ्यांसमोर ठेवतो, पण शुभवर्तमानातली मरिया उणीव दिसली की बोलते. (आणि येशूने ज्या पाण्याचा द्राक्षारस केला, ते दगडाच्या सहा रांजणांत काठोकाठ भरायला सेवक होते, हेही वाचताना आपण विसरतो. एकेका रांजणात साधारण शंभर लिटर पाणी. कुणीतरी ते आणून ओतलंच ना.) आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू जेवणावरून उठतो, कमरेला टॉवेल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि पाय धुऊ लागतो. "पाय धुवायचे राहिलेत" असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बारा शिष्यांपैकी एकाच्याही ते मनात आलं नव्हतं. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये आपण तो विधी डोळे भरून पाहतो. शक्य असेल तर त्या रात्री घरी आल्यावर नवऱ्याशी या एकाच गोष्टीवर बोला: प्रभू न सांगता उठला.

आता कसं करायचं ते. मी जे सांगते ते सहाव्या शतकातलं आहे आणि त्याहून चांगली पद्धत मला आजवर सापडलेली नाही. संत बेनेडिक्टच्या नियमावलीचं पस्तिसावं प्रकरण मठातल्या स्वयंपाकघराच्या पाळीबद्दल आहे. सगळ्या बंधूंनी आळीपाळीने एकमेकांची सेवा करावी. आजारपण किंवा खरोखरच महत्त्वाचं काम असेल तरच सूट. जे अशक्त असतील त्यांना जोडीला माणूस द्यावा, म्हणजे ते खिन्न मनाने काम करणार नाहीत. आठवडा संपताना, शनिवारी, पाळी संपणाऱ्याने साफसफाई करायची, हात-पाय पुसायचे टॉवेल धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड परत करायची. कोठाराची व्यवस्था पाहणारा ती मोजून घेणार आणि पुढच्याच्या हाती देणार. पाळी संपणारा आणि पाळी सुरू करणारा, दोघे मिळून सगळ्यांचे पाय धुणार. रविवारी सकाळी दोघांसाठी प्रार्थना. जेवण वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय द्यावं, असंही तिथे आहे, म्हणजे भुकेल्या पोटी कुरकुर होणार नाही. किती बारीक विचार आहे पाहा! राबणाऱ्याला भूक लागते हे लिहून ठेवणारा माणूस स्वयंपाकघरात उभा राहिलेला असणार.

तुमच्या घरासाठी मी तीन गोष्टी उचलीन, दोन यातून आणि एक दुसरीकडून. पहिली म्हणजे आठवड्याची पाळी. रोजच्या रोज "आज कोण?" ही घासाघीस नको. दुसरी म्हणजे हस्तांतर. शनिवारी संध्याकाळी २० मिनिटं सगळ्यांनी बसायचं. ज्याची पाळी संपली त्याने सांगायचं: साबण अर्धा उरलाय, एका कढईचा दांडा ढिला झालाय, गणवेश धुऊन झाला पण इस्त्री राहिली. ज्याची पाळी सुरू होते त्याने ऐकून घ्यायचं, आणि तिथून पुढे ते त्याचं. या २० मिनिटांनी जे होतं ते वर्षभराच्या बोलण्याने होत नाही, कारण तुमच्या डोक्यातली यादी पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोक्यात जाते. शेवटी एक छोटी प्रार्थना म्हणा, संपवणाऱ्यासाठी आणि सुरू करणाऱ्यासाठी. तिसरी गोष्ट आविलाच्या संत तेरेझाची (ही वेगळी, स्पेनमधली). भांड्याकुंड्यांमध्येही देव असतो, हे तिचं म्हणणं गृहिणींना हमखास ऐकवलं जातं. तिने आपल्या मठांसाठी केलेल्या नियमांत झाडलोटीची यादी मदर प्रायोरेसपासून सुरू करायला सांगितली आहे, हे मात्र कुणी ऐकवत नाही. मठप्रमुखाचं नाव पहिलं. पाळीसाठी घरात एक फळा लावा आणि त्यावर पहिलं नाव बाबांचं लिहा, त्यांच्याच हाताने.

इथे एक गोष्ट तुम्हाला करावी लागेल आणि ती अवघड आहे. दिलेलं काम परत घ्यायचं नाही. हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते. आमच्या लग्नानंतर चार-पाच वर्षांनी माझ्या पतींनी कपड्यांच्या घड्या घालायचं काम घेतलं. ते टॉवेलची घडी आडवी घालत, मला उभी लागे. ते बाहेर गेले की मी सगळे टॉवेल उलगडून पुन्हा घड्या घालायची. एकदा ते लवकर घरी आले आणि दारात उभे राहून त्यांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी कपड्यांना हात लावला नाही, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की हे घरात काही करत नाहीत. शिबिरात आज आम्ही दोघं मिळून हा प्रसंग सांगतो. आडव्या घडीचा टॉवेलही अंग पुसतो. काम किती नीट व्हायला हवं हे दोघांनी मिळून आधी ठरवा, आणि त्यानंतर ज्याचं काम त्याची पद्धत. स्वच्छता आणि सुरक्षितता यात तडजोड नको, बाकी सोडून द्यायला शिका. पहिला महिना घर नेहमीपेक्षा पसरलेलं दिसेल. दिसू दे.

मुलांचं फार अवघड नाही. सहा वर्षांचा मुलगा ताटं-पेले मांडू शकतो, मोज्यांच्या जोड्या लावू शकतो, झाडांना पाणी घालू शकतो. दहा वर्षांचा भांडी विसळून लावेल, केर काढेल, स्वतःचं दप्तर आणि बूट स्वतः बघेल. या कामांचे पैसे देऊ नका. घराचा भाग असण्याची मजुरी नसते. मला काळजी आहे ती तुमच्या मुलीची. कामं वाटायची म्हटलं की आई थकली तर आईचा भार १४ वर्षांच्या मुलीवर सरकतो आणि मुलगे मोकळे राहतात, असं फार घरांत घडतं. बाहेरून वाटणी झाल्यासारखी दिसते, आत एका बाईचं ओझं दुसरीकडे गेलेलं असतं. मुलीइतकंच काम मुलग्यांना, वयाच्या मानाने. परीक्षेच्या दिवसांत सूट द्यायची तर तिघांना सारखी द्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला माणुसकीची शाळा म्हटलं. मुलगे या शाळेत काय शिकून बाहेर पडतात, ते उद्या कुणाच्या तरी मुलीच्या वाट्याला येणार आहे.

रविवारचं वेगळं बोलायला हवं. प्रभूच्या दिवशी विश्रांती घ्यावी, ही चर्चची आज्ञा आहे, आणि ती आईलाही आहे. तरी कित्येक घरांत आईचा सर्वांत कष्टाचा दिवस रविवारच असतो. सकाळी सगळ्यांचे कपडे तिने काढून ठेवायचे, धाकट्याचे केस विंचरायचे, मिस्सेला जाताना चुलीवरचं बंद केलं का हे तिनेच पाहायचं, आणि परत आल्यावर पाहुण्यांसकट सगळ्यांचं मोठं जेवण. फादरांचं प्रवचन चालू असतं तेव्हा तिच्या मनात डाळ भिजत घातली होती की नाही हे चालू असतं. कॅटेकिझम सांगतो की दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशी अनावश्यक मागणी त्याच्याकडे करू नये. हा नियम घराच्या आतही लागू करा. रविवारचे कपडे शनिवारी रात्री ज्याचे त्याने काढायचे. रविवारचं जेवण साधं, शक्य ते आदल्या दिवशी केलेलं, आणि वाढणं-आवरणं मुलं आणि बाबांनी. मोठं जेवण हवंच असेल तर ते सगळ्यांनी मिळून करा, नाहीतर नको.

नवऱ्याशी कधी आणि कसं बोलायचं? रात्री ११ वाजता, हात ओले असताना नको. थकलेल्या माणसाचं खरं बोलणंही आरोपासारखं ऐकू येतं. सुट्टीच्या दिवशी, मुलं बाहेर असताना बसा. "तुम्ही काही करत नाही" असं सुरू करू नका, कारण ते खरं नाही आणि ते लगेच केलेली कामं मोजायला लागतील. त्याऐवजी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, गेल्या आठवड्यात घरासाठी जे जे लक्षात ठेवलं ते लिहा. केलेलं लिहायचं नाही, लक्षात ठेवलेलं. लसीची तारीख, संपलेलं मीठ, शाळेची सही, सासू-सासऱ्यांच्या गोळ्या. मग कागद अदलाबदल करा आणि वाचा. आमच्याकडे हे केलेल्या बहुतेक पुरुषांनी बायकोचा कागद दोनदा वाचला आहे. काही वेळा उलटंही झालं आहे: बँकेचे हप्ते, गाडीची कागदपत्रं, आजारी वडिलांच्या तपासण्या हे सगळं तो एकटा डोक्यात वागवतोय हे बायकोला पहिल्यांदा कळलं. ते कळलं तर तेही मोकळ्या मनाने माना. न्याय दोघांचाही व्हायला हवा, आणि वाटणी अर्धी-अर्धी निघायलाच हवी असं नाही. एकाचं कामाचं वेळापत्रक कठीण असेल, एकीचं बाळंतपण झालेलं असेल, तर बेनेडिक्टची सूट आहेच. दोघांनाही साधारण सारखीच विश्रांती मिळते का, एवढं पाहा. माझ्या मते तोच खरा निकष.

त्या बैठकीत नवरा चिडला, गप्प झाला, तर लगेच ताणू नका. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्द पुन्हा पुन्हा सांगत: चालेल का, आभारी आहे, माफ कर. घरकामात यातला मधला सगळ्यात कमी वापरला जातो. केलेल्या कामाचे आभार माना, तुम्हीही आणि त्यांनीही. पण ते "माझ्यासाठी केलंस" म्हणून नको, "आपल्यासाठी केलंस" म्हणून. कधी बोलणं सारखं भांडणावर जायला लागलं, किंवा गप्प बसवण्यासाठी धाक, अपमान, हात उगारणं होत असेल, तर मग हा प्रश्न घरकामाचा राहिलेला नाही. तेव्हा विश्वासातल्या फादरांशी आणि समुपदेशकाशी बोलायलाच हवं, आणि गरज पडली तर स्वतःची सुरक्षितता आधी.

सगळं एकदम सुरू करू नका. फळा, पाळी, शनिवारची बैठक हे पुढच्या आठवड्यात येईल. आज रात्री एकच करा. जेवणं झाली की सांगा, "मेणबत्ती भांडी झाल्यावर पेटवू." बाबा घासतील, मुलगा विसळेल, मुलगी पुसेल, धाकटा चमचे खणात ठेवेल, तुम्ही ओटा आवरा. पाच जणांनी हात लावले की पंधरा मिनिटांच्या वर लागणार नाहीत. मग सगळ्यांनी हात पुसून बाहेर या आणि जपमाळेचं पहिलं रहस्य तुम्ही सुरू करा. "पवित्र मरिये" बाकीच्यांना म्हणू दे.